दोन रेषा, एक छेदनबिंदू आणि "मॅडम, कॅल्क्युलेटर बिघडलाय"

गंगापूर रोडला माझी छोटी शिकवणी आहे. दहावीच्या बोर्डाला कॅल्क्युलेटर चालत नाही, पण आयबी (इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट) अभ्यासक्रमाची मुलं अकरावीत येतात ती पाच आकडी किमतीचा ग्राफिंग, म्हणजे स्क्रीनवर आलेख काढणारा, कॅल्क्युलेटर घेऊनच. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एकसामयिक समीकरणं सुरू झाली की कोणाची तरी आई फोन करते, "मॅडम, नवा घ्यावा लागेल का?" आजवर असे जे जे कॅल्क्युलेटर माझ्या टेबलावर आले, त्यातले खरोखर बिघडलेले एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. बाकी सगळ्यांचं दुखणं तेच ते. म्हणून एकदाचं लिहून ठेवते.

मुलांकडे बहुतेक टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीचा टीआय-८४ प्लस किंवा त्याचा रंगीत भाऊ सीई असतो, म्हणून बटणं त्याचीच सांगते. कॅसिओची बटणं वेगळी, पण चुका त्याच. स्क्रीनवर इंग्रजी एक्स आणि वाय दिसतात. इथे मी त्यांना क्ष आणि य म्हणणार आहे, 'समजा क्ष'ची सवय अजून गेलेली नाही.

लक्षणं काय दिसतात

ग्राफचं बटण दाबलं की नुसते अक्ष दिसतात, रेषा नाहीत. किंवा एकच रेषा दिसते. दोन्ही दिसतात पण कुठे छेदतच नाहीत. छेदनबिंदू काढायला गेलं की 'नो साइन चेंज' असा एरर. ग्राफ काढण्याआधीच 'सिंटॅक्स' किंवा 'इनव्हॅलिड डायमेन्शन'. उत्तर येतं, पण पुस्तकामागच्या उत्तराशी जुळत नाही; हे सगळ्यात वाईट, कारण इथे कॅल्क्युलेटर काहीच तक्रार करत नाही. आणि शेवटचं, स्क्रीन पांढरी, काळी किंवा पट्ट्यापट्ट्यांची.

यातलं फक्त शेवटचं लक्षण यंत्राचं असण्याची शक्यता आहे. तरी मुलं सुरुवात करतात ती रिसेटपासून. तसं करू नका. खाली दिलेल्या क्रमानेच जा. पहिल्या काही तपासण्यांना मिनिटभरही लागत नाही आणि एक रुपयाही खर्च होत नाही.

आधी वहीवर एक ओळ

आलेलं उत्तर मूळ समीकरणात घालून बघा. मूळ म्हणजे प्रश्नात छापलेल्या, तुम्ही फिरवून 'य बरोबर' केलेल्या नव्हे. फिरवतानाच चूक झाली असेल तर फिरवलेल्या समीकरणात ते उत्तर गुपचूप बसणारच.

माझं ठरलेलं उदाहरण सांगते: २क्ष + ३य = १२ आणि क्ष – य = १. उत्तर क्ष = ३, य = २. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील. कॅल्क्युलेटर शहाणा आहे की नाही हे ठरवायला मी नेहमी हीच जोडी टाकते. यावर बरोबर उत्तर आलं की यंत्र ठणठणीत, दोष तुमच्या गणितातल्या कशाततरी आहे.

'वाय इक्वल्स'ची स्क्रीन नीट बघा

वरच्या ओळीतलं डावीकडचं पहिलं बटण. इथे तीन गोष्टी बघायच्या.

सगळ्यात वरती 'प्लॉट१, प्लॉट२, प्लॉट३' असं लिहिलेलं असतं. त्यातलं एखादं गडद असेल तर सांख्यिकीच्या तासाला चालू केलेला आलेख तसाच राहिलाय. त्या आलेखाच्या आकड्यांच्या याद्या रिकाम्या असल्या की कॅल्क्युलेटर 'इनव्हॅलिड डायमेन्शन' म्हणतो आणि तुमच्या बिचाऱ्या रेषांपर्यंत पोचतच नाही. कर्सर त्यावर नेऊन एंटर दाबा, बंद होतं. सांख्यिकीचा धडा झाल्यानंतरच्या आठवड्यात येणारी निम्मी मुलं इथेच बरी होऊन परत जातात.

दुसरं, प्रत्येक समीकरणापुढचं बरोबरचं चिन्ह. ते गडद असेल तरच ती रेषा काढली जाते. चुकून त्यावर एंटर पडलं असेल तर समीकरण दिसतं, रेषा मात्र गायब. एकच रेषा दिसण्याचं कारण बहुधा हेच.

तिसरं, जुनी समीकरणं. वाय-१ आणि वाय-२ मध्ये कालचं गणित आणि आजचं वाय-३, वाय-४ मध्ये, असं असेल आणि छेदनबिंदू काढताना तुम्ही न बघता तीनदा एंटर दाबलं, तर उत्तर येणार कालच्या गणिताचं. कॅल्क्युलेटर 'फर्स्ट कर्व्ह?' विचारतो तेव्हा तो खरंच विचारत असतो, त्या वेळी कोणतं समीकरण वर दिसतंय ते वाचा.

डिग्री-रेडियनशी सरळ रेषांचा काही संबंध नाही. ते बदलत बसू नका.

दोन उणे चिन्हं

या यंत्रावर उण्याची दोन बटणं आहेत. उजव्या रांगेत अधिकच्या वर आहे ती वजाबाकी. सगळ्यात खाली, एंटरच्या डावीकडे कंसात आहे ते ऋण चिन्ह, –५ मधलं. स्क्रीनवर ऋण चिन्ह थोडं आखूड आणि वर चढलेलं दिसतं. चष्मा असलेल्यांनी चष्मा लावून बघा.

समीकरणाची सुरुवात वजाबाकीच्या बटणाने केली की 'सिंटॅक्स' एरर येतो. तिथे 'गोटू' निवडलं तर कर्सर नेमका चुकीच्या जागी जाऊन उभा राहतो. मुलं मात्र घाबरून 'क्विट' दाबतात आणि सगळं पुन्हा टाइप करतात, त्याच चुकीसकट.

उलट चूक जास्त धोक्याची. क्ष – १ लिहिताना वजाबाकीऐवजी ऋण चिन्ह दाबलं तर एरर येत नाही. चलाला चिकटून ऋण संख्या आली की यंत्र त्याचा गुणाकार समजतं: क्ष गुणिले –१. म्हणजे तुमची रेषा य = क्ष – १ न राहता य = –क्ष झाली. माझ्या ठरलेल्या उदाहरणात मग छेदनबिंदू (३, २) वरून थेट (–१२, १२) वर जातो, आणि तो नेहमीच्या –१० ते १० च्या चौकटीबाहेर असल्यामुळे स्क्रीनवर दोन रेषा दिसतात पण भेटत नाहीत. मग छेदनबिंदू मागितला की 'नो साइन चेंज'. एका मुलाने या एकाच आखूड रेघेपायी कॅल्क्युलेटर दोनदा रिसेट केला होता आणि वर्षभराचे प्रोग्राम घालवले होते.

कंस

माझ्या मते सर्वात जास्त गुण इथे जातात. २क्ष + ३य = १२ चं य = (१२ – २क्ष)/३ होतं. वहीत आपण आडवी रेघ मारून खाली ३ लिहितो, कंसाची गरजच पडत नाही. तीच सवय बोटांत येते आणि टाइप होतं १२ – २क्ष/३. यंत्राच्या दृष्टीने भागाकार फक्त २क्ष ला झाला, १२ तसाच राहिला.

आता ही रेषा क्ष – १ ला कुठे छेदते? (७.८, ६.८) ला. बिंदू चौकटीत आहे, एरर नाही, रेषा छान फुलीसारख्या दिसतात, आकडे दशांशात असल्यामुळे 'शास्त्रीय' वाटतात. मूल आनंदाने लिहून मोकळं. पण मूळ समीकरणात घाला: १५.६ आणि २०.४, बेरीज ३६. हवे होते १२. बरोबर तिप्पट, कारण १२ ला तीनने भागायचं राहून गेलं. वहीवरच्या त्या एका ओळीने चूक तर सापडलीच, वर चूक कसली ते ३६ या आकड्याने स्वतःच सांगितलं.

याच जातीची एक गंमत. अर्धा क्ष लिहायला १/२क्ष टाइप केलं, तर टीआय-८४ त्याला अर्धा गुणिले क्ष समजतो. कॅसिओचे यंत्र आधी २क्ष जोडून घेतं आणि एक भागिले २क्ष करतं. ती सरळ रेषाच राहत नाही, वक्र येतो. एका बाकावरच्या दोन मैत्रिणी, एकच समीकरण, दोन वेगळे आलेख, आणि दोघींचंही म्हणणं 'तुझा खराब आहे'. दोन्ही यंत्रं बरोबर होती. कंस घाला, भांडण मिटतं.

रेषा आहेत, पण खिडकीबाहेर

रेषा अजिबात न दिसण्याचं हे सर्वात मोठं कारण, म्हणून जरा सविस्तर.

दिंडोरीकडचा एक मुलगा होता, घरी द्राक्षबाग. त्याला मी त्याच्याच घरचं गणित घातलं: ५ किलोच्या आणि १० किलोच्या मिळून १५० पेट्या, एकूण माल १,०५० किलो, तर कोणत्या किती? क्ष + य = १५० आणि ५क्ष + १०य = १,०५०. त्याने समीकरणं अगदी बरोबर भरली, ग्राफ दाबला, स्क्रीन कोरी. घ्यायला आलेले त्याचे वडील दारात उभे होते. म्हणाले, "सगळ्या पाचच्या धरल्या तर साडेसातशे. तीनशे जास्त आहे, पेटीमागं पाच. म्हणजे साठ दहाच्या, नव्वद पाचच्या." मुलगा माझ्याकडे बघायला लागला, मी कॅल्क्युलेटरकडे.

कॅल्क्युलेटरचा काही दोष नव्हता. 'झूम ६' ने येणारी नेहमीची चौकट दोन्ही अक्षांवर –१० ते १०. त्या पट्ट्यात पहिल्या रेषेचा य १४० ते १६० आणि दुसरीचा १०० ते ११०. दोन्ही रेषा छपराच्या कितीतरी वर. रंकाळ्याचा फोटो काढायचाय आणि कॅमेरा गोदाघाटावर लावलाय, तसं.

चौकट अंदाजाने वाढवत बसू नका. दोन्ही रेषा अक्षांना कुठे छेदतात ते आधी काढा. पहिल्या समीकरणात क्ष शून्य घेतला की य १५०, य शून्य घेतला की क्ष १५०. दुसऱ्यात तेच १०५ आणि २१०. म्हणजे विंडोमध्ये (चौकटीची हद्द ठरवायच्या स्क्रीनवर) क्ष ० ते २२० आणि य ० ते १६० घेतलं की सगळं आत. पेट्या उणे असू शकत नाहीत, त्यामुळे ० च्या खाली जायचं कारणच नाही. खुणांमधलं अंतर १ च राहिलं असेल तर अक्ष जाडजूड काळी पट्टी दिसतो, पुन्हा 'बिघडलाय'. ते २० करा.

'झूमफिट' हा शॉर्टकट मुलांना फार आवडतो. तो फक्त य ची हद्द बदलतो, क्ष ची तुम्ही ठेवलेलीच राहते. क्ष –१० ते १० ठेवून झूमफिट केलं तर रेषा दिसतील, पण ९० वर असलेला छेदनबिंदू दिसणार नाही. आधी क्ष ची हद्द नीट करा, मगच झूमफिट.

आणि हे महत्त्वाचं का? तर छेदनबिंदू शोधण्याची सोय फक्त स्क्रीनवर दिसणाऱ्या भागातच शोधते. बिंदू चौकटीबाहेर असेल तर 'नो साइन चेंज', आणि रेषा समांतर असल्या तरीही 'नो साइन चेंज'. त्या एररवरून 'उकल नाही' असं कधीही लिहू नका.

छेदनबिंदू आला, वाचायचा कसा

सेकंड, ट्रेस, ५ ही बटणं ओळीने, मग तीनदा एंटर. खाली क्ष आणि य दिसतात.

उत्तर शून्य असायला हवं तिथे कधी कधी १ई–१२ असं काहीतरी येतं. मुलं ओळीतला पहिला आकडा बघून '१' लिहितात. ते १ नाही, दशांशचिन्हानंतर ११ शून्यं आणि मग १ आहे, म्हणजे शून्यच. यंत्र बिंदू जवळजवळ जात शोधतं, त्याचा हा उरलेला भुसा.

२.३३३३३३३ आलं तर मुख्य स्क्रीनवर या, क्ष टाइप करा, मॅथ मेनूतला पहिला पर्याय घ्या आणि एंटर. ७/३ मिळतं. शेवटचा छेदनबिंदू यंत्राने क्ष आणि य मध्ये जपून ठेवलेला असतो, पुन्हा टाइप करायची गरज नाही.

एकच रेषा दिसते, पण खरंच एक आहे का?

५०क्ष – १००य = –३०० आणि ५१क्ष – १००य = –२८०. नेहमीच्या चौकटीत या दोन रेषा जुन्या टीआय-८४ वर जवळजवळ एकावर एक बसतात. त्याच्या स्क्रीनला ९६ आडवे आणि ६४ उभे ठिपके, म्हणजे –१० ते १० मध्ये एका ठिपक्याची उंची सुमारे ०.३. या दोन रेषांमधलं अंतर त्या पट्ट्यात ०.१ ते ०.३. दाखवायला ठिपकाच नाही! सीईच्या ३२० बाय २४० च्या स्क्रीनवर जेमतेम एक जाडसर रेघ दिसते. मुलांनी 'अनंत उकली' लिहिलं. खरी उकल (२०, १३), पहिलं समीकरण दुसऱ्यातून वजा केलं तर तोंडी येते.

दोन उपाय. सेकंड आणि ग्राफ दाबून सारणी उघडा. वाय-१ आणि वाय-२ चे स्तंभ शेजारी दिसतात, आकडे सारखे नसतील तर रेषा एक नाही. आणि दहावीत शिकलेला निश्चयक काढा: ५० × (–१००) वजा ५१ × (–१००) = १००. शून्य नाही, म्हणजे एकच उकल नक्की. गॅब्रिएल क्रेमर या स्विस गणितज्ञाने निश्चयकाने उकल काढायचा नियम १७५० मध्ये छापला, तेव्हा ठिपके मोजायची पाळी कोणावर नव्हती.

निश्चयक शून्यच आला तर मात्र रेषा समांतर आहेत किंवा एकरूप आहेत, आणि छेदनबिंदू शोधायचं थांबवा.

क्ष = ३ अशी उभी रेषा 'वाय इक्वल्स'मध्ये टाकताच येत नाही, कारण तिथे सगळं 'य बरोबर' लागतं. दुसऱ्या समीकरणात ३ घाला, झालं. मोबाईलवर डेस्मॉस किंवा जिओजेब्रा असेल तर ही अडचण नाही, समीकरण छापलंय तसं टाइप करता येतं. मी तर घरी पडताळ्याला तेच वापरायला सांगते, फुकट आहे.

आलेख सोडून मॅट्रिक्स

इतकं करूनही शंका असेल, किंवा चल तीन असतील, तर आलेख बाजूला ठेवा. मॅट्रिक्समध्ये, म्हणजे आकड्यांच्या आडव्या-उभ्या तक्त्यात, सहगुणक आणि स्थिरपदं भरा, दोन समीकरणांना २ बाय ३, आणि 'आरआरईएफ' (ओळी सोप्या करत नेऊन उकल काढणारी आज्ञा) चालवा. शेवटच्या स्तंभात उत्तर येतं. खालची ओळ ०, ०, १ आली तर उकल नाही. तिन्ही शून्य आले तर अनंत. भरताना समीकरण आधी एका साच्यात आणा, चल डावीकडे, स्थिरपद उजवीकडे. क्ष = य + १ तसंच भरलं की चिन्ह चुकलंच म्हणून समजा.

आता रिसेट, तेही अर्धंच

सेकंड, अधिक, ७. इथे 'ऑल रॅम' आणि 'डिफॉल्ट्स' असे पर्याय येतात. आधी डिफॉल्ट्स घ्या. मोड आणि विंडो मूळ जागी येतात, प्रोग्राम राहतात. 'ऑल रॅम' रॅममधलं सगळं साफ करतं. रिसेटनंतर माझी ठरलेली जोडी टाका. (३, २) आलं तर यंत्राचा विषय संपला.

स्क्रीनच दिसत नसेल तर

जुन्या टीआय-८४ वर सेकंड एकदा दाबून सोडा आणि मग वरचा बाण धरून ठेवा, अक्षरं गडद होतात. दप्तरात बटणं दाबली जाऊन कॉन्ट्रास्ट उतरलेला असतो, इतकंच. नाहीतर चारही ट्रिपल-ए सेल एकदम नवे टाका. दोन जुने दोन नवे नको. आतली छोटी बटण-सेल त्याच वेळी काढू नका, मेमरी जाते. सेलला टेकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर पांढरी भुकटी असेल तर सेल गळलाय. हातमोजे घालून कानकाडीने पुसा, व्हिनेगरचा थेंब लावा, पूर्ण वाळू द्या. सीईमध्ये चार्ज होणारी बॅटरी असते. आधी दुसरी केबल लावून बघा, केबलच मेलेली असते बऱ्याचदा.

इथे थांबा

भुकटी पट्ट्यांपलीकडे आत गेलेली दिसली. नवे सेल टाकूनही यंत्र चालू होत नाही. स्क्रीनवर उभ्या किंवा आडव्या ओळी कायमच्या गायब आहेत. बटणांची अख्खी रांग मेली आहे. यातलं काहीही असेल तर स्क्रू उघडू नका, पावती घेऊन विकत घेतलेल्या ठिकाणी किंवा कंपनीच्या सेवा केंद्रात जा. माझ्या एका विद्यार्थ्याने स्क्रीनच्या दोन ओळी जात होत्या म्हणून मोबाईल दुरुस्तीच्या एका दुकानात यंत्र दिलं. त्यांनी मोबाईलसारखी गरम हवा मारली. आधी दोन ओळी जात होत्या, नंतर एकही आली नाही, आणि उघडलेल्या यंत्राला वॉरंटी कोण देणार?

सीईची बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं गेलं असेल तर चार्जिंग त्याच क्षणी बंद. दाबून झाकण बसवायचा प्रयत्न नको, टोचायचं तर नावच नको. उशीजवळ, गादीवर ठेवू नका.

परीक्षेच्या आठवड्यात यातलं काहीही झालं तर दुरुस्तीच्या मागे लागू नका. शाळेतल्या परीक्षा समन्वयकांना त्याच दिवशी सांगा आणि दुसरं यंत्र मागून घ्या. परीक्षा मोडमध्ये (परीक्षेपुरत्या काही सोयी बंद ठेवणाऱ्या अवस्थेत) अडकलेला कॅल्क्युलेटर घरी बटणं दाबून सुटत नाही, त्याला दुसऱ्या कॅल्क्युलेटरची किंवा कॉम्प्युटरची जोडणी लागते. हे आदल्या रात्री साडेअकराला मला फोन करून विचारण्यापेक्षा आदल्या आठवड्यात विचारा.